'स्लावोनियन' आजोबांचं गाव कुठलं? परदेशी गेलेल्या क्रोएशियन घराण्याचा माग कसा काढावा

नातवाला शाळेत वंशवृक्ष काढून न्यायचा होता. सॅन होजेतली शाळा, चौथीचा वर्ग, भला मोठा पिवळा पुठ्ठा. लेकीच्या बाजूचं काम अर्ध्या तासात उरकलं, कारण त्र्यंबकेश्वरला आमच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वहीतल्या पानांचे फोटो माझ्या फोनमध्ये होते. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की गुरुजी लांबोळकी वही काढतात आणि खापरपणजोबांची मोडीतली सही समोर येते. जावयाच्या बाजूला मात्र विहीणबाईंच्या वडिलांच्या वर एकच ओळ होती: 'आजोबा, स्लावोनियन, सफरचंदाचे व्यापारी.' त्यापुढे कोरा पुठ्ठा.

शाळेची मुदत संपली, पुठ्ठा गेला, पण आम्ही दोघी विहिणी हट्टाला पेटलो. शोध पुरा व्हायला सव्वा वर्ष लागलं. त्यातले पहिले तीन महिने माझ्या चुकीमुळे वाया गेले. ती चूक कोणती ते पुढे येईलच. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात आता बऱ्याच मराठी घरांत असे जावई-सुना आहेत, आणि मुलं दोन्हीकडचं विचारतात. कुठून सुरुवात करायची, कुठे पैसे घालवायचे नाहीत, हे लिहून ठेवावं म्हणून हा लेख.

कागद उघडण्याआधी 'स्लावोनियन' या शब्दाचा निकाल लावा

नकाशात पाहाल तर स्लावोनिया हा क्रोएशियाचा पूर्व भाग. साव्हा आणि द्रावा या नद्यांमधला सपाट, काळ्या मातीचा मुलूख. ओसियेक हे मोठं शहर. विन्कोव्त्सी, पोझेगा, स्लाव्होन्स्की ब्रोद ही आणखी काही. मी पाहिलं 'स्लावोनियन', नकाशात सापडलं स्लावोनिया, आणि तीन महिने ओसियेकच्या आसपासच्या गावांची चर्चची पुस्तकं चाळत बसले. आडनाव औषधालाही सापडलं नाही.

मग कळलं की एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत 'स्लावोनियन' हा शब्द भलत्याच अर्थाने चालायचा. आड्रियाटिक किनाऱ्यावरून, म्हणजे डाल्मेशियातून आलेल्या क्रोएशियन खलाशांना आणि कोळ्यांना लोक 'स्लावोनियन' म्हणत, आणि तेही स्वतःला तेच म्हणवून घेत. सॅन फ्रान्सिस्कोत १८५७ साली 'स्लावोनिक इलिरियन' नावाची परस्पर-साहाय्य संस्था निघाली, न्यू ऑर्लीन्सला १८७४ मध्ये 'युनायटेड स्लावोनियन', मिसिसिपीतल्या बिलॉक्सीत विसाव्या शतकात 'स्लावोनियन लॉज'. या तिन्हींच्या पाटीवर स्लावोनिया आहे, पण सभासद बहुतेक समुद्राकाठचे. मुंबईत कुणालाही सरसकट 'मद्रासी' म्हणायचे ना, तसलाच प्रकार.

खुद्द स्लावोनियातून लोक गेलेच नाहीत असं नाही. पण तिथली मोठी गळती पुढची आहे: १९६८ मध्ये युगोस्लाव्हिया आणि पश्चिम जर्मनीत कामगारांचा करार झाला तेव्हाची, आणि २०१३ मध्ये क्रोएशिया युरोपीय संघात आल्यानंतर जर्मनी-आयर्लंडकडे लागलेली रीघ. तेव्हा कॅलिफोर्निया किंवा लुइझियानातल्या शंभर वर्षांपूर्वीच्या कागदावर 'स्लावोनियन' दिसलं तर आधी किनारा तपासा. डब्लिनमधला तिशीतला तरुण 'आम्ही स्लावोनियाचे' म्हणाला, तर त्याचं खरं माना.

कुठे स्थायिक झाले, यावरून कुठून आले याचा अंदाज

हे लोक एकटेदुकटे जात नसत. एक गेला की भाऊ, मग मेहुणा, मग अर्धी वाडी. आपल्या कोकणातून गिरणगावात माणसं आली तसंच, आणि गावकीच्या खोल्या असाव्यात तशा तिकडे वसाहती. त्यामुळे परदेशातलं शहर कळलं की मायदेशातला टापू बराचसा आटोक्यात येतो.

लुइझियानात मिसिसिपीच्या मुखाशी कालवांची शेती करणारे बहुतेक पेल्येशाच द्वीपकल्प आणि मकार्स्काच्या किनाऱ्याचे. कॅलिफोर्नियातल्या सॅन पेड्रोचे मच्छीमार बरेचसे व्हिस बेटावरचे. तिथल्या कोमिझा गावातून आलेल्या मार्टिन बोग्दानोविचने १९१७ मध्ये सुरू केलेल्या कारखान्यातून पुढे 'स्टारकिस्ट' हा डबाबंद ट्यूनाचा ब्रँड झाला. चिलीच्या दक्षिण टोकाला, पुंता अरेनासला, सोन्याच्या आशेने गेलेल्यांत ब्राच बेटाचे लोक जास्त. न्यूझीलंडच्या उत्तरेला जमिनीतून कौरी झाडाचा जुना डिंक खणून काढणारे मकार्स्का, पोदगोरा, कोर्चुलाकडचे. तिथल्या माओरींनी त्यांचं भरभर बोलणं ऐकून त्यांना 'तारारा' नाव ठेवलं, आणि त्यांच्याच पुढच्या पिढ्यांनी ऑकलंडजवळ द्राक्षमळे लावले. पिट्सबर्गच्या पोलाद भट्ट्या, मिशिगनच्या तांब्याच्या खाणी, शिकागो, गॅरी इथे मात्र आतल्या डोंगराळ भागातले लोक: लिका, गोर्स्की कोतार, कार्लोवाचचा परिसर.

आणि कॅलिफोर्नियातलं वॉटसनव्हिल, पाहारो खोऱ्यातलं सफरचंदांचं गाव, तिथे कोनावलेचे. दुब्रोवनिकच्या दक्षिणेला असलेली ही चिंचोळी सुपीक दरी. विहीणबाईंचे आजोबा वॉटसनव्हिलला सफरचंदं पेट्यांत भरून पाठवायचे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे गावाचा पत्ता त्या पिवळ्या पुठ्ठ्यावरच होता, 'सफरचंद' या शब्दात. मी मात्र शेजारच्या शब्दाला भुलले.

अंदाज तो अंदाजच. पुंता अरेनासचेच गाब्रिएल बोरिच २०२२ मध्ये चिलीचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांचे पूर्वज ब्राचचे नव्हेत, उग्ल्यान बेटावरचे.

इतके लोक का गेले, तेही थोडं माहीत असू द्या, म्हणजे कुठल्या सालाच्या आसपास शोधायचं ते कळतं. शिडाची जहाजं वाफेच्या बोटींपुढे टिकली नाहीत. १८९१ च्या व्यापारी करारात ऑस्ट्रिया-हंगेरीने इटलीच्या दारूला जकातीत सूट दिली आणि डाल्मेशियाच्या द्राक्षदारूचा भाव पडला. पाठोपाठ फिलॉक्सेरा नावाच्या किडीने वेलींची मुळंच खाल्ली. १८९० ते १९१४ हा काळ म्हणून सगळ्यात दाट.

घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, पण नातं इंग्रजीत विचारू नका

इथे मराठी माणसाचं पारडं जड आहे. इंग्रजीत सगळे 'अंकल'. क्रोएशियनमध्ये वडिलांचा भाऊ 'स्त्रिच', आईचा भाऊ 'उयाक'. काकू ती 'स्त्रिना', मामी ती 'उय्ना'. पुढे ऐका: दीर 'द्येवेर', सून 'स्नाहा', नवऱ्याची आई 'स्वेक्र्वा', जाऊ 'येत्र्वा'. संस्कृतातले देवृ, स्नुषा, श्वश्रू, यातृ आठवा. आपले दीर, सून, सासू, जाऊ त्यांतूनच आले आणि हे शब्द त्यांचे लांबचे भाऊबंद. मी ही यादी वाचून दाखवली तेव्हा विहीणबाई चहा हातात धरून गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, माझी आजी एका बाईला येत्र्वा म्हणायची, मला वाटायचं ते तिचं नाव आहे.

त्या एका वाक्याने आजोबांना एक भाऊ होता आणि त्याची बायकोही अमेरिकेत होती, हे कळलं.

तेव्हा म्हातारी माणसं जो शब्द उच्चारतील तो तसाच देवनागरीत लिहून घ्या. आपली लिपी त्याला फार सोयीची आहे. क्रोएशियन लिपीतल्या साध्या 'सी'चा उच्चार 'चाक'मधल्या च सारखा. त्याच्यावर टोपी असेल तर 'चार'मधला च. तिरकी रेघ असेल तर त्याहून मऊ. इंग्रजी बोलणाऱ्यांना पहिला च आणि दुसरा च वेगळा काढताना घाम फुटतो, आपण तर दिवसभर दोन्ही वापरतो. 'जे' अक्षराचा उच्चार मात्र य. कागदावर जुराज वाटेल, तो असतो युराय, आणि अमेरिकेत गेला की जॉर्ज.

प्रश्न थेट 'गाव कोणतं' असा टाकू नका. उत्तर 'माहीत नाही' असंच येतं. नाताळात काय तळायचे, कुठल्या संताच्या दिवशी कामाला सुट्टी, अंत्यविधीला कोण कोण आलं, पत्र कुणाचं यायचं, असं आडून विचारा. बिलॉक्सीतल्या घरांत नाताळाला 'पुशराता' करतात, म्हणजे सफरचंद, संत्रं, मनुका, पिकान घातलेली गोड भजी. तिकडचं कुणी असा पदार्थ सांगितला तर किनाऱ्याचे धागे लगेच जुळतात.

मग डबे काढा. प्रार्थनेची पुस्तकं (पहिल्या कोऱ्या पानावर जन्म-मृत्यू लिहिलेले असतात), फोटोंच्या मागचे स्टुडिओचे शिक्के, संस्थेचे बिल्ले, पत्रं. आमच्याकडे बिस्किटांच्या डब्यात एकच पत्र निघालं, १९२६ चं, भाषा कुणालाच न कळणारी. त्यात दोन शब्द मला लागले: 'स्त्रिच व्लाहो'. स्त्रिच, म्हणजे काका; अर्थात आजोबांच्याच घराण्यातला माणूस, मामाकडचा नाही. आणि व्लाहो हे नाव दुब्रोवनिककडचंच, कारण स्वेती व्लाहो हा त्या शहराचा रक्षक संत. आपल्याकडे कुणाचं नाव 'खंडेराव' निघालं तर कुलदैवताचा अंदाज येतो की नाही, तसं. ओसियेकचा नाद मी त्या संध्याकाळी सोडला.

नव्या देशातले कागद, या क्रमाने

सगळे आधी बोटीची यादी शोधायला धावतात. माझं मत उलट आहे. बोटीचा कागद शेवटी पाहा, कारण त्यावरचं नाव सगळ्यात परकं असतं आणि आधी नक्की वर्ष माहीत नसेल तर त्याच नावाचे चाळीस जण सापडतात.

पहिलं थडगं. बरेच जुने दगड क्रोएशियनमध्ये आहेत: 'ओव्द्ये पोचिवा' म्हणजे इथे विसावला आहे, 'रोजेन' जन्मला, 'उम्रो' वारला, आणि नशीब असेल तर 'रोदोम इझ', म्हणजे मूळचा अमुक गावचा. दगडाचा फोटो सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात काढा, झिजलेली अक्षरं उठून येतात. खडूने घासू नका, दगड खराब होतो.

दुसरं, परस्पर-साहाय्य संस्थेचं दप्तर. खाणीत, समुद्रात मेला तर बायकोला पैसे कोण देणार, म्हणून हे लोक महिन्याला वर्गणी भरायचे. सभासद होताना जन्मगाव लिहून द्यावं लागे आणि मृत्यूनंतर दावा करताना वारसांची नावं. यातली सगळ्यात मोठी 'क्रोएशियन फ्रॅटर्नल युनियन', १८९४ मध्ये आजच्या पिट्सबर्गच्या हद्दीत सुरू झालेली आणि अजून चालू. तिच्या 'झायेद्निचार' या पत्रात मृत्युलेख येत. आपलं माणूस किनाऱ्याचं आणि कॅलिफोर्नियाचं असेल तर स्थानिक संस्था पाहा. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी दप्तरातले पुष्कळ कागद १९०६ च्या भूकंपामागून लागलेल्या आगीत गेले, तिथे अशा संस्था आणि चर्च हाच आधार.

तिसरं, नागरिकत्वाचे कागद. १९०६ च्या कायद्यानंतर अर्जात जन्मतारीख, जन्मगाव, बोटीचं नाव, येण्याची तारीख, बायको-मुलांची नावं हे सगळं आलं. त्याआधीच्या अर्जांत 'ऑस्ट्रियाच्या सम्राटाची निष्ठा सोडतो' यापलीकडे फारसं काही नसतं. बायकांचे वेगळे कागद शोधत बसू नका: १९२२ पर्यंत नवरा नागरिक झाला की बायको आपोआप व्हायची.

चौथं, सैन्याच्या नोंदणीची कार्डं. पहिल्या महायुद्धात जून १९१७ आणि जून १९१८ च्या कार्डांवर जन्मगाव आहे; सप्टेंबर १९१८ च्या कार्डावर ते विचारलेलंच नाही, पण जवळचा नातेवाईक आहे. आणि बहुतेकांना ठाऊक नसतं ते १९४२ चं 'म्हाताऱ्यांचं' कार्ड. पंचेचाळीस ते चौसष्ट वयाच्या पुरुषांची तेव्हा नोंदणी झाली. ज्यांनी कधी नागरिकत्व घेतलं नाही तेही त्यात सापडतात.

आमचं कुलूप तिथेच उघडलं. जन्मगावाच्या रकान्यात टंकलेखकाने लिहिलं होतं 'कॅनाली, ऑस्ट्रिया'. विहीणबाई म्हणाल्या, कॅनाल असेल, आजोबा पनामाला कामाला होते का? दोन दिवस आम्ही पनामा कालवा वाचला. मग जुना नकाशा उघडला तर कोनावले या दरीचं इटालियन नाव कनाली.

बोटीची यादी यानंतर. १९०७ पासूनच्या यादीत मायदेशातल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं, आणि जन्मगाव दुसऱ्या पानावर जातं. पहिलं पान पाहून थांबू नका. न्यूयॉर्कला बोटीने येणाऱ्यांच्या तपासणीचं एलिस आयलंडचं केंद्र १८९२ मध्ये उघडलं, त्याआधीच्या याद्या वेगळ्या. निघण्याचं बंदर रियेका किंवा त्रिएस्तेच असेल असं नाही. हाम्बुर्ग, ब्रेमेन, ल आव्र यांवरूनही लोक गेले. हाम्बुर्गच्या याद्या बऱ्याचशा शाबूत आहेत, ब्रेमेनच्या जवळजवळ सगळ्या गेल्या. रियेकाहून न्यूयॉर्कला कुनार्ड कंपनीच्या बोटी थेट जायच्या. टायटॅनिकच्या लोकांना वाचवणारी कार्पेथिया त्याच मार्गावरची, न्यूयॉर्कहून रियेकाकडे निघालेली. टायटॅनिकचं एक लाइफजॅकेट रियेकाच्या संग्रहालयात अजून आहे.

देशाचं नाव फसवतं, पण नीट वाचलं तर सांगतंही

१९१८ पर्यंत क्रोएशिया ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता, त्यामुळे कागदावर 'ऑस्ट्रिया' किंवा 'हंगेरी' दिसतं. लोक त्यावर हळहळतात. मला तर ती खूण वाटते. १८६७-६८ च्या वाटणीनंतर डाल्मेशिया आणि इस्त्रिया ऑस्ट्रियाच्या पदरात गेले, आणि झाग्रेबसह क्रोएशिया-स्लावोनिया हंगेरीच्या मुकुटाखाली. म्हणजे त्या काळात 'ऑस्ट्रिया' लिहिलं असेल तर किनारा धरा, 'हंगेरी' असेल तर आतला मुलूख. आमच्या सगळ्या कागदांवर ऑस्ट्रिया होतं. हे मला आधी कळतं तर ओसियेकच्या वाटेला गेलेच नसते.

गावांना तीन-तीन नावं. आपण बेसिन म्हणजे वसई हे जसं शिकलो तशी ही यादी भिंतीवर लावा: रागुझा म्हणजे दुब्रोवनिक, स्पालातो म्हणजे स्प्लित, झारा म्हणजे झादार, फ्युमे म्हणजे रियेका, लेसिना म्हणजे ह्वार, लिस्सा म्हणजे व्हिस, कुर्झोला म्हणजे कोर्चुला, आग्राम म्हणजे झाग्रेब, एसेग म्हणजे ओसियेक.

माणसांचीही तशीच. घरात इव्हान, चर्चच्या लॅटिन पुस्तकात योहानेस, इटालियन कागदात जोव्हानी, हंगेरियनमध्ये यानोश, अमेरिकेत जॉन. पाच माणसं समजू नका.

चर्चच्या पुस्तकात शिरताना

गाव पक्कं झालं की पॅरिश, म्हणजे ते गाव ज्या चर्चच्या हद्दीत येतं ते, शोधा. लहान गावाला स्वतःचं चर्च असेलच असं नाही, शेजारच्या गावाचं असतं. त्रेंतच्या धर्मसभेनंतर, म्हणजे १५६३ पासून, कॅथलिक पाद्रींना बाप्तिस्मा आणि लग्नं लिहून ठेवणं भाग पडलं. १६१४ पासून मृत्यू आणि घरवार माणसांची नोंदही. फॅमिलीसर्चच्या संकेतस्थळावर क्रोएशियाची पुष्कळ पुस्तकं फुकट पाहता येतात. पैसे मागणाऱ्या कुणाकडे जाण्याआधी तिथे महिनाभर घालवा.

भाषा बदलत जाते: आधी लॅटिन, डाल्मेशियात मध्ये इटालियन, नंतर क्रोएशियन, झादार-इस्त्रियाकडे जुन्या पुस्तकांत ग्लागोलिती ही जुनी स्लाव लिपीही भेटेल. घाबरू नका, शब्द तेच तेच असतात. क्ऱ्श्तेन बाप्तिस्मा झालेला, व्येंचान विवाहित, कुमोवी म्हणजे धर्माचे आई-बाप. कुमोवींची नावं जरूर उतरवा, बरेचदा ते जवळचेच असतात.

दोन गोष्टींकडे लक्ष हवं. एक, घर क्रमांक. एकाच नावाचे तीन इव्हान एकाच वर्षी जन्मले तर घर क्रमांकच त्यांना वेगळं करतो. दुसरी, टोपणनाव. अख्ख्या गावाचं आडनाव एकच असलं की प्रत्येक घराला एक 'नादिमाक' असतो. कोकणात 'वरच्या आळीचे', 'विहिरीकडचे' म्हणतात तसा. वृद्धांनी सांगितलेलं विचित्र, निरर्थक वाटणारं नाव बहुधा तेच असतं, फेकू नका.

खुद्द स्लावोनियात शोधत असाल तर 'झाद्रुगा' हा शब्द लक्षात असू द्या: चुलत, सख्खे, त्यांच्या बायका-मुलं, सगळ्यांची जमीन एक, चूल एक. आपल्या जुन्या वाड्यातलं एकत्र कुटुंबच. तुर्की सरहद्दीवरच्या लष्करी टापूत अशी घरं खूप होती, आणि एकाच घर क्रमांकाखाली वीस-तीस माणसं दिसली तर ती सगळी सख्खी भावंडं समजून चालू नका. त्याच मुलखात जर्मन, हंगेरियन, स्लोव्हाक वस्त्याही होत्या, त्यामुळे 'स्लावोनियाचे' असलेले पूर्वज क्रोएशियन नसतीलही.

सगळ्यात मोलाचं पुस्तक 'स्टाटुस आनिमारुम', शब्दशः 'आत्म्यांची स्थिती'. घर घेऊन त्यातली माणसं वयानुसार लिहिलेली, लग्न झालं की सून जोडलेली, मेला की क्रूस. क्षेत्रोपाध्यायांच्या वहीची ही सख्खी बहीण. कोनावलेतलं आमचं पान उघडलं तेव्हा एका घरात पाच भाऊ होते. तिघांच्या नावापुढे पाद्रींनी बारीक अक्षरात तेच दोन शब्द लिहिले होते: 'उ अमेरिचि'. अमेरिकेत. मधल्या ओळीवर आजोबा होते, आणि खाली ज्याला क्रूस नव्हता की अमेरिका नव्हती, तो धाकटा, गावातच राहिलेला.

सरकारी कार्यालयाला पत्र

१९४६ पासून जन्म-मृत्यूच्या सरकारी नोंदी सुरू झाल्या, त्या 'मातिच्नी उरेद'कडे, म्हणजे आपल्या नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागासारख्या कार्यालयाकडे. जुनी पुस्तकं बरीचशी दुब्रोवनिक, झादार, स्प्लित, ओसियेक अशा शहरांतल्या राज्य अभिलेखागारांत. पत्र छोटं लिहा: एकच माणूस, त्याचं नाव, आईवडील, गाव, अंदाजे वर्ष, तुमचं नातं. दहा प्रश्न विचारलेत तर एकाचंही उत्तर येत नाही. जन्मदाखला हवा असेल तर 'रोदनी लिस्त' म्हणा.

जावयाच्या मनात नागरिकत्वाचा विचार होता. १ जानेवारी २०२० पासून क्रोएशियाने स्थलांतरितांच्या वंशजांसाठी पिढ्यांची मर्यादा आणि भाषेची परीक्षा काढून टाकली. मात्र पूर्वज आजच्या क्रोएशियाच्या हद्दीतून ८ ऑक्टोबर १९९१ च्या आधी कायमचा बाहेर गेलेला असायला हवा, आणि युगोस्लाव्हियातल्याच दुसऱ्या प्रजासत्ताकात गेलेला चालत नाही. साखळीतला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक लग्न कागदाने जोडावं लागतं; 'जॉन' आणि 'इव्हान' एकच, हेही.

तोंडी परंपरा ऐका, पण खातं वेगळं ठेवा

याचं उदाहरण थेट गोव्यातलं. जुन्या गोव्याजवळ गंडाळीला साव ब्राझचं सोळाव्या शतकातलं चर्च आहे. साव ब्राझ म्हणजेच दुब्रोवनिकचा स्वेती व्लाहो. दुब्रोवनिकच्या व्यापाऱ्यांनी तिथे वस्ती करून हे चर्च बांधलं असं सांगितलं जातं, आणि क्रोएशियातून लोक ते पाहायला येतात. गोव्यात गेले तेव्हा मीही मुद्दाम गेले. ऐकायला फार गोड वाटतं. पण हा संत पोर्तुगीजांचाही आहे, नुसत्या नावावरून वसाहत सिद्ध होत नाही. वहीत अशा गोष्टींसाठी मी वेगळं पान ठेवते, 'ऐकीव' म्हणून.

उलट ज्याला कागद आहे असा भारताशी एक पक्का धागाही आहे. सोळाव्या शतकात तुर्की स्वाऱ्यांमुळे क्रोएशियन कुटुंबं आजच्या ऑस्ट्रियात जाऊन वसली, त्यांच्या वंशातला एक कार्मेलाइट पंथाचा कॅथलिक साधू इव्हान फिलिप व्हेझदिन. तो १७७६ ते १७८९ केरळात राहिला आणि १७९० मध्ये रोमला त्याने युरोपातलं पहिलं छापील संस्कृत व्याकरण काढलं.

गावी जाताना

जमिनीचा विषय काढू नका. पहिल्या दिवशी तर नाहीच. अमेरिकेहून कुणी आलं की तिकडच्या माणसाच्या मनात पहिली शंका तीच येते, कारण जुन्या खात्यांवर परदेशी गेलेल्या भावांची नावं अजून असतात. कोकणात सातबाऱ्यावर मुंबईकर चुलत्यांची बारा नावं असतात आणि एक दिवस त्यांतला कुणी गाडी घेऊन दारात उभा राहतो. गावकऱ्याचा चेहरा कसा होतो ते आठवा. लेक-जावई आणि विहीणबाई गेल्या तेव्हा त्यांनी फक्त फोटो नेले, छापलेले, मागे नावं लिहिलेले. कॉफी झाली, मग दारू, मग धाकट्या भावाच्या नातवाने कपाटातून काहीच काढलं नाही. युगोस्लाव्हिया फुटताना १९९१ मध्ये झालेल्या हल्ल्यात कोनावलेतली घरं जाळली गेली होती. त्यांच्याकडे त्या पाच भावांचा एकही फोटो उरला नव्हता. विहीणबाईंनी आपली सगळी पाकिटं तिथेच ठेवली.

जाण्याची वेळ निवडता आली तर ३ फेब्रुवारीला दुब्रोवनिकमध्ये स्वेती व्लाहोचा उत्सव असतो, किंवा १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, सगळं गाव थडग्यांवर दिवे लावायला येतं. तेव्हा एका दुपारी जितके नातेवाईक भेटतात तितके वर्षभर भेटत नाहीत.

आणि जे परदेशातच आहे ते

लोक मायदेशाकडे बघताना परदेशातला ठेवा विसरतात. पिट्सबर्गजवळ मिलव्हेलला सेंट निकोलस चर्चच्या भिंती माक्सो व्हांकाने १९३७ आणि १९४१ मध्ये रंगवल्या. त्यांत खाणीत मेलेल्या मुलासाठी रडणाऱ्या आया आहेत आणि जेवणाच्या टेबलावर एकटा बसलेला भांडवलदारही. खऱ्या स्लावोनियाचं तंतुवाद्य तंबुरित्सा, जिचा पहिला वाद्यवृंद १८४७ मध्ये ओसियेकला पायो कोलारिचने उभा केला, ती आता अमेरिकेतल्या किनाऱ्याकडच्या वंशजांचीही खूण झाली आहे. तिच्यावर म्हणतात तो 'बेचाराच' दोन ओळींचा, पहिलीत गंभीरपणे काहीतरी मांडायचं आणि दुसरीत टोपी उडवायची. आपल्या चावट उखाण्याचा मावसभाऊ.

फोटो, पत्रं, ध्वनिमुद्रणं यांची एक प्रत स्थानिक संस्थेला किंवा तिथल्या ग्रंथालयाला द्या. प्रत्येक फोटोमागे मऊ पेन्सिलीने नाव, नातं (तिकडच्या शब्दात आणि आपल्याही), वर्ष. बॉलपेन नको, पुढून उमटतं.

विहीणबाई आता मला नावाने हाक मारत नाहीत. तिकडे व्याह्याला आणि विहिणीला 'प्रियातेल्य' आणि 'प्रिया' म्हणतात हे त्यांना त्या प्रवासात कळलं.

या डिसेंबरात नातू आला तेव्हा त्याला घेऊन त्र्यंबकला गेलो. मुलीचा मुलगा माहेरच्या पानावर कसा लिहायचा, यावर गुरुजींनी थोडा विचार केला, मग समासात जागा काढली. पेन उघडलं. वडिलांचं नाव विचारलं, लिहिलं. मग नेहमीचा प्रश्न, मूळ गाव?

"कोनावले," नातू म्हणाला.

"लोणावळे?" गुरुजींनी मान वर न करता विचारलं.